पहिलं भाड्याचं घर: पहिल्या तक्त्यापासून वर्षअखेरीपर्यंतच्या नोंदी

या नोंदी मी वहीत करत होते, तिथून थोड्या सावरून इथे उतरवल्या आहेत. रकमा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. प्रत्येक गावचे आकडे वेगळे असतात, आणि दोन वर्षांनी माझे आकडे मलाच जुने वाटतील. त्याऐवजी एक माप धरलं आहे: "महिन्याला एवढं तर सहज येईल" असं म्हणून एजंटने जो आकडा सांगितला, तो म्हणजे १ भाडं. घर १८० भाड्यांचं म्हणजे त्या आकड्याच्या १८० पट किमतीचं. मी नोकरी करते. याआधी भाड्याने राहिले होते, भाड्याने दिलं कधीच नव्हतं.

८ जानेवारी

पहिला तक्ता केला. घर १८० भाडी. अर्धे पैसे आमचे, अर्धं कर्ज, म्हणजे ९० भाडी. ९ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता बसतो ०.८१. भाडं येणार १, हप्ता जाणार ०.८१, उरले ०.१९. वर्षाचे २.२८. बारा भागिले एकशेऐंशी, म्हणजे ६.६७ टक्के परतावा. नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला छान आहे. मलाही छानच वाटला. तो मीच केला होता ना.

१० जानेवारी

ताई हिशेबाचंच काम करते. तिने तक्ता दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "घर वर्षाचे बाराही महिने भरलेलं राहणार, हे तुला कुणी सांगितलं?"

मी रकाने घातलेच नव्हते. इमारतीचा मेंटेनन्स, घराचा कर, विमा, दुरुस्ती, भाडेकरू शोधण्याचा खर्च, आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा रिकामा काळ. वर्षातला एकच महिना घर रिकामं राहिलं तर उत्पन्नातले ८.३ टक्के गेले. मी सांगितलेल्या २.२८ शिलकीतलं जवळजवळ निम्मं या एकाच रकान्यात संपतं.

हप्ताही तिने फोडून दाखवला. पहिल्या ०.८१ मध्ये ०.६७५ निव्वळ व्याज, मुद्दल फक्त ०.१३५. "घर स्वतःचं कर्ज स्वतः फेडतं" हे वाक्य मी त्या आठवड्यात तीन जणांना ऐकवलं होतं. नंतर ऐकवलं नाही.

२ फेब्रुवारी

एजंटचा आकडा खरा की खोटा हे तपासायचं होतं. त्याच भागातल्या, तेवढ्याच आकाराच्या घरांच्या नऊ जाहिराती काढल्या आणि भाडेकरू म्हणून फोन केले. सहा लागले.

जाहिरातीत असतं ते मागितलेलं भाडं. ठरलेलं भाडं कुठेच छापलेलं नसतं. "थोडं कमी होईल का" एवढंच विचारलं, तर सहापैकी चौघे पहिल्याच दमात खाली आले. दोन घरं दोन महिन्यांहून जास्त रिकामी होती आणि जाहिरातीत आकडा मात्र तोच. सगळं धरून ठरणारं भाडं ०.९३ ते ०.९६ च्या आसपास निघालं. खोटं बोलून फोन केल्याचं थोडं वाईट वाटलं, पण अख्ख्या प्रकल्पात मी केलेलं सगळ्यात फायद्याचं काम हेच. एक दुपार गेली आणि खर्च शून्य.

१६ फेब्रुवारी

अकरा घरं पाहून झाली. आठवं आवडलं. दिवसा पाहिलं होतं, म्हणून रात्री नऊला पुन्हा जाऊन आले. जिन्यात उजेड आहे. वरच्या मजल्याचा आवाज फार नाही. नळाला संध्याकाळीही धार आहे. रखवालदाराशी गप्पा मारल्या तेव्हा कळलं की आधीचे भाडेकरू तीन वर्षं राहिले आणि बदली झाली म्हणून गेले. मला हे मोठं प्रमाणपत्र वाटलं.

एक नोंद त्या दिवशी वहीत आहे, जशीच्या तशी देते: "मागच्या खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग. वास येतोय. बाकी घर जुनं." पुढे मी काहीच विचारलं नाही. घर आवडलेलं असलं की माणूस स्वतःच लिहिलेलं वाचत नाही.

१९ मार्च

कागदपत्रांत १९ दिवस गेले. मालकीच्या साखळीतला मधला एक कागद विकणाऱ्याकडे नव्हता, तो मिळेपर्यंत वकिलांनी पुढे जाऊ दिलं नाही, आणि बरोबरच केलं. इमारतीच्या मेंटेनन्सची जुनी थकबाकीही निघाली. "ताब्यानंतर देतो" असं विकणारा म्हणत होता. व्यवहाराआधी भरून पावती आणायला लावली. ताब्यानंतर ती थकबाकी माझ्याच दारात आली असती.

नोंदणी, कर, वकील, एजंट, कर्जाची फी मिळून किमतीच्या ४ टक्के धरले होते. गेले ७. म्हणजे ७.२ च्या जागी १२.६ भाडी. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना इथेच पहिला हात लागला.

२९ मार्च

ताबा. वीज आणि पाणी, दोन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो काढले. कुलूप त्याच दिवशी बदललं. विकणाऱ्याने तीन किल्ल्या दिल्या, पण आजवर बनल्या किती हे त्यालाही सांगता आलं नाही.

६ एप्रिल

ताज्या रंगाच्या भिंतीवर, जमिनीलगत, तळहाताएवढा फुगा आला आहे. नखाने दाबला तर पुट्टी पापडासारखी सुटली आणि आत पांढरी भुकटी. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. ही भिंत बाथरूमला लागून आहे.

८ एप्रिल

रंगाऱ्याला बोलावलं. त्याने खरवडून, ओल रोखणारं काहीतरी लावून, वर पुट्टी आणि दोन हात रंग मारून दिला. ०.३ भाडं. भिंत सुंदर दिसते.

२० एप्रिल

बारा दिवस. फुगा परत आला, या वेळी दोन तळहातांएवढा. विकणाऱ्याने जे केलं होतं तेच मी स्वतःच्या पैशांनी पुन्हा करून घेतलं.

२१ एप्रिल

बाबांचे मित्र, काका, आयुष्यभर बांधकामांवर देखरेख करायचे. त्यांना आणलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही, थेट बाथरूममध्ये गेले, खिशातून नाणं काढलं आणि उकिडवे बसून एकेक टाइल ठोकत सुटले. टणक आवाज, टणक, टणक, आणि मग नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवती पोकळ, बद्द. सहा टाइल्स बद्द वाजल्या. "अगं, रंग कसला लावतेस," ते म्हणाले, "पाणी कुठून येतंय ते आधी बघ."

दोन तपासण्या त्यांनी सांगितल्या. दोन्ही फुकट आहेत, आणि दोन्ही घर घेण्याआधी करता आल्या असत्या.

पहिली: घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघत बसायचं. पाऊण तास बसलो, काटा हलला नाही. म्हणजे दाबाखालची नळाची लाइन ठीक आहे.

दुसरी: नहाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट कोंबून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवायचं, पाण्याच्या पातळीवर भिंतीला खडूची रेघ मारायची आणि २४ तास कुणी पाय ठेवायचा नाही. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवावं, कारण परीक्षा तुमची असली तरी छत त्यांचं असतं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं आणि मागच्या खोलीत भिंतीचा खालचा भाग हाताला गार लागत होता. वाफ होऊन एका दिवसात एवढं जात नाही.

२६ एप्रिल

फोडलं. टाइल्सखालचा भराव काळा पडलेला, दुर्गंधी. ट्रॅप आणि पाइपचा सांधा तुटलेला, वर कधीतरी कुणीतरी पांढरं सिमेंट थापून झाकलेला. आंघोळीचं पाणी थोडं पाइपात, थोडं भरावात आणि तिथून भिंतीत. माझ्याआधी निदान दोघांनी तरी हे पाहून वरून थापलं असणार. मी तिसरी.

२ मे

नवा ट्रॅप बसवला. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या सगळ्या कोपऱ्यांना गवंड्याने सिमेंटचे गोल वाटे मारले, म्हणजे कोपरा भरून गोलाई दिली, कारण काटकोनात लावलेला थर तिथेच आधी चिरतो. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा पहिला वाळल्यावर उभा, भिंतीवर फूटभर वर नेलेला.

इथे गवंड्याशी वाजलं. त्याला लगेच टाइल्स बसवून मोकळं व्हायचं होतं. काका म्हणाले, टाइल्सच्या आधी पाणी साठवून ४८ तास बघायचं, नंतर बघण्यात अर्थ नाही. गवंडी म्हणाला, मग माझे दोन दिवस बसून जाणार. त्याचंही चूक नव्हतं. दोन दिवसांची निम्मी मजुरी देऊन थांबवलं.

४ मे

परीक्षा नापास. एका रात्रीत पातळी दीड सेंटीमीटर उतरली. गळती ट्रॅपला नव्हती, पाइप भिंतीतून आरपार जातो तिथे होती. ती जागा पुन्हा खोदून भरली, थर पुन्हा दिला. टाइल्स आधी बसल्या असत्या तर हे मला भाडेकरूने फोन करून सांगितलं असतं. दिलेली निम्मी मजुरी त्या रात्री फार स्वस्त वाटली.

९ मे

४८ तास, रेघ जागेवर. टाइल्स बसवायला घेतल्या. बसवून झाल्यावर दाराशी तांब्याभर पाणी ओतून ते कुठे पळतं ते पाहिलं. एका कोपऱ्यात थबकलं. चार टाइल्स काढून पुन्हा उताराला लावून घेतल्या. गवंडी आता माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

१४ मे

भिंतीचं भिजलेलं प्लास्टर ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून नवं केलं. रंगाऱ्याला आठवड्यात रंग मारायचा होता. नव्या प्लास्टरला सुकायला चार आठवडे द्यावे लागतात. मी बाकीच्या घराचा रंग आधी करून घेतला आणि ही भिंत जूनपर्यंत उघडी ठेवली.

याच आठवड्यात इलेक्ट्रिशियन. गीझरच्या प्लगला अर्थिंगच नव्हतं, आणि घरभर एकही आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नव्हता. एमसीबी, म्हणजे नेहमीचा आपोआप पडणारा स्विच, वायर जास्त तापू नये म्हणून असतो, माणसाला झटका बसताना तो वाचवत नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडतो. १.१ भाड्याचा खर्च झाला. या एका खर्चाबद्दल मी कुणाशी घासाघीस केली नाही.

१० जून

घर तयार. दुरुस्ती ३ भाड्यांची धरली होती. झाली ती अशी: बाथरूम ३.४, भिंत ०.५ (त्यात वाया गेलेले ०.३), वीज १.१, रंग १.२, नळ, कड्या, बिजागऱ्या वगैरे ०.४. एकूण ६.६. शिवाय ताबा मिळाल्यापासून तीन हप्ते गेले, येणं शून्य.

१२ जून

जाहिरात. १ भाडं मागितलं. फेब्रुवारीत स्वतः केलेली फोनाफोनी वहीत समोर असताना! म्हटलं, आपल्या घराला नवं बाथरूम आहे. पहिल्या आठवड्यात चौदा फोन, पाच जण बघायला आले. त्यातलं एक जोडपं त्याच संध्याकाळी ०.९५ ला तयार होतं, पंधरा दिवसांत राहायला येत होतं. मी "कळवते" म्हणाले.

२८ जून

फोन कमी झाले. ते जोडपं दुसरीकडे गेलं.

१४ जुलै

एकही फोन नाही. जाहिरात जुनी झाली की लोक समजतात घरात काहीतरी दोष आहे. मीही फेब्रुवारीत तसंच समजले होते.

रात्री बसून हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. ०.९५ च्या जागी १ मिळवण्यासाठी मी थांबले, म्हणजे महिन्याला ०.०५ च्या फायद्यासाठी. एक महिना घर रिकामं राहिलं की ०.९५ गेलं. ०.९५ भागिले ०.०५ म्हणजे १९ महिने. एका रिकाम्या महिन्याचं नुकसान भरून काढायला तो वाढीव आकडा सलग १९ महिने मिळायला हवा. करार होणार होता १२ महिन्यांचा.

२२ जुलै

एजंटकडे गेले, अर्ध्या महिन्याचं भाडं फी. मागणी ०.९४ केली. तीन दिवसांत दोन अर्ज.

निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. भाडं घरच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतं का, आणि आधीचा घरमालक काय म्हणतो. दुसऱ्या गोष्टीत एक खोच आहे. सध्याच्या घरमालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो तोंड भरून कौतुक करेल. त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन लावला, कारण त्याला आता काही मिळवायचं नाही. एका अर्जदाराबद्दल तो म्हणाला, "भाडं द्यायचे, पण दर वेळी मागावं लागायचं." दुसऱ्याबद्दल म्हणाला, "अहो, ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं." दुसरे निवडले. आई, मुलगा, सून आणि एक लहान मुलगी.

३० जुलै

करार. नमुना करार उतरवून घेतला नाही, प्रत्येक कलम दोघांनी मिळून वाचलं. घर सोडायची पूर्वसूचना किती दिवसांची, मी घर बघायला येताना किती आधी सांगायचं, रंग आणि खिळे, किरकोळ दुरुस्ती कुणी करायची आणि किरकोळ म्हणजे किती रकमेपर्यंत. शेवटची ओळ त्यांनी सुचवली.

खोलीनिहाय यादी केली आणि ६३ फोटो काढले. ओट्यावरचा जुना ओरखडा, बाल्कनीच्या दाराची चिकटणारी कडी, सगळं. यादीवर दोघांच्या सह्या, मीटरचे आकडेही तिथेच. आजी बरोबर फिरत होत्या. मागच्या खोलीतली ती भिंत बघून म्हणाल्या, "ही नवी दिसते. ओल होती का?" मी खरं सांगितलं. बाथरूम फोडतानाचे फोटोही दाखवले. आजींनी मान डोलावली आणि पुढे गेल्या.

अनामत म्हणून दोन महिन्यांचं भाडं आलं.

३ ऑगस्ट

ही नोंद लिहायला जड जाते. अनामत हातात आली आणि मी त्यातून इलेक्ट्रिशियनचं उरलेलं बिल आणि ऑगस्टचा हप्ता भरला. खात्यात पैसे दिसत होते, म्हणून. ताईला सहज बोलून गेले तर ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "ते लोक पुढच्या महिन्यात घर सोडतो म्हणाले तर कुठून देशील?"

अनामत उत्पन्नात मोजायची नसते, ते आपण भाडेकरूला परत द्यायचं देणं आहे. वेगळं खातं उघडलं. खर्च केलेलं परत भरायला ऑक्टोबर उजाडला, तेही पगारातून. त्या दोन महिन्यांत भाडेकरूंचा फोन आला की आधी छातीत धस्स व्हायचं.

१८ ऑगस्ट

रविवार, रात्री साडेदहा. "ताई, गीझर चालत नाही, सकाळी बाळाला आंघोळ घालायची आहे." माझ्याकडे एकाही गीझरवाल्याचा नंबर नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा. जो आला त्याने थर्मोस्टॅट बदलला, दोन दिवसांनी परत बंद. खरं तर एलिमेंटच गेलं होतं. चार दिवस आणि ०.२५ भाडं. जुना गीझर घरासोबत आला होता आणि मी अर्थिंग बदललं, गीझर तपासलाच नाही.

त्यानंतर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कुलूपवाला आणि सुतार, प्रत्येकी दोन नंबर असा कागद केला. एक प्रत भाडेकरूंकडे. ठरलेल्या रकमेपर्यंत त्यांनी थेट बोलवायचं, बिल मला पाठवायचं, भाड्यातून वळतं करायचं. तेव्हापासून रात्रीचा फोन आलेला नाही.

२१ नोव्हेंबर

कर्ज देणाऱ्यांचं पत्र. व्याज ९ वरून ९.५. "आपला हप्ता बदलणार नाही." मला बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली: मुदत वाढेल. २४० महिन्यांची जवळपास २६६ झाली. अर्ध्या टक्क्याने दोन वर्षांहून जास्त.

कळवून हप्ता ०.८४ करून घेतला, मुदत जुनीच ठेवली. हा पर्याय पत्रात नव्हता, मागावा लागला.

५ फेब्रुवारी

आधी दिवस ठरवून, सांगून, घर बघून आले. आरसीसीबीचं चाचणी बटण दाबलं, पडला. नहाणीच्या कडेचं, टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट ठीक. मागच्या भिंतीला हात लावला, कोरडी. मुलीने तिथे मेणखडूने एक हत्ती काढलाय. सून घाईघाईने म्हणाली, "पुसून टाकते." मी म्हटलं राहू द्या, जाताना बघू. ६३ फोटोंत तो नाही एवढं मात्र डोक्यात आलं.

२८ मार्च

वर्ष पूर्ण. ताब्यापासून बारा महिन्यांचा हिशेब.

आलं: ऑगस्ट ते मार्च आठ महिने, ०.९४ प्रमाणे ७.५२.

गेलं: हप्ते ९.८४ (आठ जुन्या दराने, चार नव्या), मेंटेनन्स ०.८४, कर ०.४, विमा ०.१, एजंट ०.४७, चालू दुरुस्ती ०.५५.

उणे ४.६८. सुरुवातीची ६.६ ची दुरुस्ती यात धरलेली नाही. पहिल्या तक्त्यात इथे अधिक २.२८ लिहिलं होतं. हप्त्यांतलं सुमारे १.७ मुद्दलात गेलं, ते आमचंच आहे असं स्वतःला सांगते, पण ते भिंतीत आहे, खात्यात नाही.

३० मार्च

भाडेकरूंना अजून एक वर्ष राहायचं आहे. एजंट म्हणतो १ मागा, बाजार वाढलाय. मी ०.९६ म्हटलं, ते लगेच हो म्हणाले. १९ महिन्यांचा तो हिशेब फ्रिजवर चिकटवलेला आहे.

पुढच्या वर्षाचा तक्ता ताईसमोर बसून केला. एकही महिना रिकामा नाही असं धरून ११.५२ येणार. हप्ते १०.०८, मेंटेनन्स, कर, विमा मिळून १.३४, आणि दुरुस्तीसाठी बाजूला ०.७५. उणे ०.६५.

मग तिने कर्ज बाजूला ठेवून निव्वळ घर किती कमावतं ते मांडलं. ११.५२ मधून सगळे खर्च वजा जाता ९.४३. घराला एकूण लागलं किंमत १८०, नोंदणी वगैरे १२.६, दुरुस्ती ६.६, म्हणजे १९९.२. परतावा ४.७ टक्के. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "साडेनऊ टक्क्यांनी पैसे घेतलेस आणि पावणेपाच टक्क्यांना लावलेस. यात कर्ज जितकं मोठं, तितकं तू मागे."

घराची किंमत वाढेल, हा रकाना मी दोनदा घातला आणि दोनदा खोडला. वाढली तर विकताना कळेल. आज त्यातून हप्ता भरता येत नाही.

४ एप्रिल

वार्षिक बोनस कर्जात भरला. मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून मागितला, या वेळी पत्राची वाट न बघता. ०.८४ चा ०.७९ झाला. पुढच्या वर्षाच्या तक्त्यात उणे ०.६५ च्या जागी आता उणे ०.०५ दिसतं.

एजंटचा फोन येऊन गेला, त्याच इमारतीत दुसरं घर निघालंय, "महिन्याला एवढं तर सहज येईल" म्हणाला. नाणं पर्समध्ये ठेवलंय, शनिवारी नुसतं बघून येईन. घ्यायचं नाही हे नवऱ्याला आधीच सांगितलंय. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.